रॅकची पाठ सुटली तर काय करावे?

दुकानात, कचेरीत आणि घरातही सुताराकडून कपाट करवून घेण्याऐवजी खोक्यातून सुट्या भागांत येणारे रॅक घेण्याकडे आता लोकांचा कल आहे. फळ्या, स्क्रू आणि चित्रांचा एक कागद एवढ्यावर रॅक उभे राहते. किंमत बेताची आणि नेआणही सोपी. स्वीडनच्या आयकिया कंपनीने ही पद्धत जगभर नेली. तिचे ‘बिली’ नावाचे पुस्तकांचे रॅक १९७९ सालापासून विकले जात आहे. भारतात तिचे पहिले दुकान २०१८ साली हैदराबादेत आणि त्यानंतर २०२० साली नवी मुंबईत उघडले. तशाच धर्तीचा देशी मालही बाजारात भरपूर आहे.

या रॅकांविषयी एक तक्रार नेहमी कानावर येते. काही काळाने मागची पातळ फळी सुटते. ‘मागे भिंत आहे, दिसते कोणाला?’ असे म्हणून लोक तिकडे दुर्लक्ष करतात. आमच्या मते हे दुर्लक्ष महाग पडणारे आहे.

पाठीचे खरे काम

पाठ ही केवळ धूळ अडवण्यासाठी नसते. आमच्या कापडाच्या धंद्यातील उदाहरण घ्या. कापड उभ्या किंवा आडव्या धाग्याच्या दिशेने ओढले तर फारसे ताणत नाही, पण तिरके ओढले की लगेच लांबते आणि चौकोनाचा आकार बिघडतो. चार फळ्यांच्या चौकटीचेही तसेच आहे. वरून वजन ती सहन करते, पण बाजूने धक्का बसला की तिरकी होते. हा तिरकेपणा रोखते ती मागची फळी. ती सुटली म्हणजे सगळा भार कोपऱ्यांतील स्क्रूंवर येतो. एक फूट पुस्तकांचे वजनच सहज सात-आठ किलो भरते. हिशेबाच्या वह्या आणि नमुन्यांचे कॅटलॉग त्याहून हलके नसतात. भोके सैल होत जातात आणि एके दिवशी रॅक मालासकट बाजूला झुकते.

ती का सुटते?

बहुतेक रॅक पार्टिकल बोर्डाचे, म्हणजे लाकडाच्या चिपा गोंदात दाबून केलेल्या फळ्यांचे असतात. त्याच्या कडेत खिळ्याची पकड सागवानासारखी नसते. पाठ साधारण तीन मिलिमीटर जाडीच्या हार्डबोर्डची असते. पुस्तके मागे रेटली की ती फुगते, पावसाळ्यात ओल धरून वाकते आणि भरलेले रॅक फरशीवरून ओढले की खिळे उपटून येतात.

दुरुस्तीची रीत

प्रथम रॅक पूर्ण रिकामे करावे. दोघांनी मिळून ते चटईवर पालथे ठेवावे. सुटलेले खिळे पक्कडीने काढावेत आणि कोपऱ्यांचे स्क्रू कसून घ्यावेत.

यानंतरचे काम सर्वांत महत्त्वाचे. टेपने एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत माप घ्यावे, मग दुसऱ्या दोन कोपऱ्यांचे घ्यावे. दोन्ही मापे सारखी आली तरच चौकट काटकोनात आहे. फरक असेल तर ज्या दोन कोपऱ्यांतील अंतर जास्त आहे ते एकमेकांकडे दाबावेत. वाकड्या चौकटीवर कितीही खिळे ठोकले तरी वाकडेपणाच पक्का होतो.

आता पाठ बसवावी. जुन्या भोकांत पुन्हा खिळा मारू नये, दीड-दोन इंच सरकून नवी जागा घ्यावी. खिळ्यापेक्षा पाऊण इंची स्क्रू वॉशर घालून लावणे चांगले. वॉशरमुळे पातळ हार्डबोर्ड फाटत नाही. स्क्रू फळीच्या जाडीच्या मधोमध जावा म्हणून आधी बारीक भोक पाडावे, नाहीतर कड फुटते. आधी चार कोपरे, मग पुन्हा तिरके माप आणि त्यानंतर दर सहा इंचांवर एक स्क्रू. मधली पक्की फळी कोठे आहे ते पेन्सिलीने आखून तिच्यातही दोन-तीन स्क्रू द्यावेत.

काही रॅकांत पाठ खाचेत सरकवलेली असते. तेथे खाच साफ करून आत फेविकॉल भरावे, पाठ नीट बसवावी आणि एक दिवस सुकू द्यावे. गुळगुळीत सनमायकासारख्या पृष्ठभागावर फेविकॉल धरत नाही, म्हणून तो थर खरवडून घ्यावा. हार्डबोर्ड ओल लागून फुगला असेल तर त्याचा मोह सोडावा आणि मापाचे सहा मिलिमीटर प्लाय कापून आणून मागून स्क्रूने बसवावे.

भिंतीशी बांधा

दुरुस्तीनंतर उंच रॅक वरच्या बाजूला लोखंडी कोनपट्टीने भिंतीला जखडावे. जड माल खालच्या फळीवर ठेवावा. २०१६ साली अमेरिकेत आयकियाला सुमारे २ कोटी ९० लाख ड्रॉवरची कपाटे परत बोलवावी लागली, कारण भिंतीला न बांधलेली कपाटे कोसळून लहान मुलांचे प्राण गेले होते. ज्या घरात वा दुकानात मुलांचा वावर आहे तेथे ही खबरदारी टाळू नये.

पाच-पंचवीस स्क्रू आणि एक मोकळी दुपार एवढ्यात हे काम होते. पुढच्या सुट्टीच्या दिवशी आपल्या रॅकच्या मागे एकदा हात घालून पाहावा. पाठ हलत असेल तर माल भरण्याआधी तिचा बंदोबस्त करावा.