एका सेकंदाची खेळी

खतं-बियाण्यांच्या दुकानाचं शटर ओढून, जेवण उरकून मी मोबाइल हातात घेतो तेव्हा साडेनऊ वाजलेले असतात. बुद्धिबळाचं लिचेस उघडायचं, दहा मिनिटांचा डाव निवडायचा, आणि कुठल्यातरी देशातला कुणीतरी समोर येऊन बसतो. मागच्या वर्षी दसऱ्यानंतरच्या दिवसांत मी असे सलग तीन डाव हरलो, आणि तिन्ही एकाच जागी. माझी काळी मोहरी होती. समोरच्यानं उंट बाहेर काढला, मग घोडा माझ्या एफ-७वर रोखला. एवढं मला माहीत होतं, म्हणून मी डी-५ला प्यादं पुढं करून उंटाची वाट अडवली. त्यानं ते मारलं. मी लगेच घोड्यानं त्याचं प्यादं मारलं. दुसऱ्याच क्षणी त्याचा घोडा एफ-७वर आदळला. वजीर आणि हत्ती दोन्हींवर एकदम नजर, म्हणजे राजानंच तो घोडा खायचा. मग त्याच्या वजिराचा शह. मधला घोडा वाचवायला माझा राजा पटाच्या मधोमध आला, आणि पुढच्या दहा-बारा चालींत खेळ संपला.

आमच्या बुद्धिबळाच्या ग्रुपचा एकच नियम आहे: जिंकलेला डाव दाखवायचा नाही, हरलेला दाखवायचा. आणि तो टाकताना कॉम्प्युटरचं विश्लेषण लावायचं नाही. आधी आपल्या शब्दांत लिहायचं, कुठं काय वाटलं होतं ते. ग्रुपवर आम्ही अकरा जण आहोत. एसटीत कंडक्टर असलेला एक, अणदूरचे निवृत्त गणिताचे सर, पोलीस भरतीची तयारी करणारी दोन पोरं, नववीतली एक मुलगी, सोलापूरला नोकरी करणारे तिघं आणि आणखी काही. मी लिहिलं, "ओपनिंग कच्ची आहे, पाठ करायला पाहिजे."

कंडक्टरचं उत्तर रात्री अकराला, शेवटची फेरी करून आल्यावर आलं. त्यानं ओपनिंगबद्दल अक्षर लिहिलं नव्हतं. लिचेसवर संपलेल्या डावात प्रत्येक खेळीला किती वेळ गेला ते दिसतं. त्याचा फोटो काढून त्यानं पाठवला होता आणि खाली लिहिलं होतं, "काका, हे प्यादं मारायला तुम्ही एक सेकंद घेतला. तिन्ही डावांत एकच सेकंद. इतकी घाई कशाला करायलाव?"

मी ते आकडे कितीदा पाहिले असतील. पण तिथं माझ्याबद्दल काही लिहिलंय असं कधी वाटलं नव्हतं. मी ओपनिंगला दोष देत होतो आणि दोष माझ्या अंगठ्याचा होता. समोरच्यानं मारलं की आपण मारायचं, ही लहानपणापासूनची सवय. ओट्यावर खेळताना ती खपून जायची, कारण समोरचाही तसाच खेळायचा.

दुसऱ्या दिवशी सरांनी योग्य खेळी दाखवली. प्यादं मारायचंच नाही. वजिराच्या बाजूचा घोडा ए-५वर, पटाच्या अगदी काठावर न्यायचा आणि उंटाला हुसकावायचं. काठावरचा घोडा निकामी, हे प्रत्येक नवशिक्याला शिकवतात, म्हणून ती खेळी डोक्यात येतच नाही. उंट शह देतो, आपण सी-६वर प्यादं मध्ये घालतो, मारामारी होते. शेवटी आपलं एक प्यादं कमी असतं, पण मोहरी झपाट्यानं बाहेर पडतात आणि समोरच्याला माघार घेत बसावं लागतं. इंजिनानंही हेच सांगितलं असतं, आणि अर्ध्या सेकंदात. पण मला ती खेळी सुचली का नाही, हे इंजिन सांगू शकत नव्हतं. सरांनी ते विचारलं, आणि उत्तर सापडेपर्यंत मला सोडलं नाही.

या सापळ्याला फ्राइड लिव्हर म्हणतात. रोममध्ये पोलेरिओ नावाच्या खेळाडूनं 1610च्या सुमाराला तो खेळल्याची नोंद आहे. आमच्या नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवरचा बांध आणि त्याच्या पोटातला पाणीमहाल दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या राज्यात उभा राहिला, तोही त्याच सुमाराला. चारशे वर्षं माणसं या एकाच खड्ड्यात पडतायत, हे सरांकडून ऐकल्यावर माझी लाज बरीच उतरली.

हरलेला प्रत्येक डाव आम्ही लिचेसवरच्या स्टडीत एकेक प्रकरण म्हणून ठेवतो. प्रत्येक खेळीखाली कुणीही टीप लिहू शकतं. एका स्टडीत 64 प्रकरणं बसतात, पटावरच्या घरांइतकीच. आमची दुसरी स्टडी आता भरत आली आहे. डाव चालू असताना मात्र कुणी कुणाला अवाक्षर सांगत नाही. ती चोरी आहे, आणि साइट कारवाई करते. लिचेसवरचं हे सगळं फुकट आहे, जाहिरातीशिवाय. तिबो द्युप्लेसी या फ्रेंच तरुणानं 2010मध्ये लिचेस सुरू केलं आणि आजही ते देणग्यांवर चालणारी संस्था चालवते. नळदुर्गात बसून शिकणाऱ्याला याचं मोल फार आहे. कोचिंग लावायचं तर सोलापूर गाठावं लागतं.

मराठी बुद्धिबळ असंच, एकमेकांच्या आधारानं वाढलं. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळ उभं केलं, मुलांना जमवून खेळवलं, आणि त्याच गावातून भाग्यश्री साठे-ठिपसेंसारख्या खेळाडू देशभर गाजल्या. 2020च्या लॉकडाउनमध्ये नाशिकचा ग्रँडमास्टर विदित गुजराथी यूट्यूबवर लोकांशी बोलत खेळायला लागला आणि आमच्या पोरांपैकी दोघं तिथूनच या खेळात आली. 28 जुलै 2025ला नागपूरच्या दिव्या देशमुखनं जॉर्जियातल्या बातुमीत कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवून महिला विश्वचषक जिंकला. एकोणीस वर्षांची पोर, आणि त्याच विजयानं देशाची 88वी ग्रँडमास्टर. सोमवार होता. दुकानात गिऱ्हाईक युरियाची गोणी मागत होतं आणि काउंटरखाली फोनवर डाव चालू होता. ग्रुपवर एरवी रात्री बोलणारी माणसं भर दिवसा बोलत होती. सर एवढंच लिहीत राहिले, "घड्याळ बघा तिचं. घड्याळ बघा."

महिन्यातून एका रविवारी आम्ही किल्ल्यात लाकडी पट घेऊन बसतो. तिथं रेंज धड येत नाही, म्हणूनच सरांनी ती जागा निवडली. श्रावणात बांधावरून पाणी सुटलेलं असतं, नर-मादी धबधब्यांच्या आवाजात ओरडून बोलावं लागतं. मला सगळ्यात जड गेला तो धडा तिथंच मिळाला. राजा आणि एक प्यादं माझं, समोर नुसता राजा. माझा राजा प्याद्याच्या पुढं गेलेला. दोन्ही राजे समोरासमोर, मध्ये एकच घर, आणि खेळी माझी. अशा वेळी ज्याची खेळी त्याला बाजूला हटावं लागतं, आणि हटला की दुसरा आत घुसतो. सरांनी विचारलं, "आता?" मी राजा हलवला. डाव बरोबरीत. सरांनी मोहरी परत मांडली आणि माझं प्यादं एक घर मागं ठेवलं. "आता?" आता मला दिसलं. प्यादं एक घर पुढं सरकवायचं, बस. खेळी समोरच्याकडं जाते आणि हटायची पाळी त्याच्यावर येते.

"ही तुमची राखीव चाल," सर म्हणाले. "परवाच्या डावात तुम्ही ती वीस खेळ्या आधीच वापरून टाकली. कारण काही सुचत नव्हतं."

खरंच तसं झालं होतं. काही सुचत नाही म्हणून प्यादं पुढं ढकलायचं, हीसुद्धा घाईच. फ्राइड लिव्हरमध्ये एका सेकंदात मारलेलं प्यादं आणि हे ढकललेलं प्यादं यांतला धागा मी तोपर्यंत जोडला नव्हता.

तेव्हापासून एक साधी गोष्ट करतो. समोरच्याची खेळी आली की फोन गादीवर ठेवतो, हात मांडीवर. त्याला काय हवंय ते मनात म्हणतो, मग फोन उचलतो. दोन डाव हरलो की त्या रात्रीपुरता खेळ बंद, हा ग्रुपचाच दंडक. तो मी दोनदा मोडला. एकदा रात्री दीडपर्यंत सहा डाव हरलो, तेही ग्रुपवर टाकावे लागले, आणि कुणी रागावलं नाही. पेरणीच्या दिवसांत पंधरा-वीस दिवस डावच होत नाही, सोयाबीनच्या पिशव्यांपुढं दुसरं काही सुचत नाही. परत आलं की हात पुन्हा जुन्या सवयीनं पळतो आणि पुन्हा त्याला आवरावं लागतं. लिचेस प्रत्येकाला 1500 रेटिंग देऊन बसवतं. मी घसरत 1150पर्यंत आलो होतो, आता 1400च्या आसपास आहे. वर्षाला अडीचशे गुण. तरण्या पोरांना ते दोन महिन्यांत जमतं. मला त्यांचं फार कौतुक वाटतं.

काल रात्री नववीतल्या मुलीनं डाव टाकला. तेविसाव्या खेळीला तिनं वजीर फुकट घालवला होता. खाली लिहिलं होतं, "मूर्खपणा झाला." मी वेळ पाहिली. त्या खेळीला तिनं तब्बल दोन मिनिटं घेतली होती. म्हणजे माझा रोग हिला नाही. दोन मिनिटं ती काहीतरी बघत होती. विश्लेषण न लावता मी पट पुन्हा पहिल्यापासून लावला, बाविसाव्या खेळीवर थांबलो आणि तिला विचारलं, "त्या दोन मिनिटांत तू कुठल्या मोहऱ्याकडं बघत होतीस?"

तिनं लिहिलं, "काका, त्याच्या एच-फाइलच्या हत्तीकडं. त्याला हलताच येत नाही, बघा."

मी पाहिलं. हत्ती खरोखर अडकलेला होता. वजीर जरा वेगळ्या घरात नेला असता तर तो हत्ती तिच्या हातात आला असता. मी पट सरांकडं पाठवला.