समुद्रतळाच्या चिखलांतील तापमापक

तापमापक यंत्र निर्माण होऊन जेमतेम चारशें वर्षें झालीं. असें असतां, सुमारें ५ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं पृथ्वी भूशास्त्राच्या मानानें एकाएकीं, म्हणजे कांहीं सहस्र वर्षांत, पांच-सहा अंशांनीं तापली होती, असें शास्त्रज्ञ निःशंकपणें सांगतात. हें त्यांस कोणी सांगितलें, अशी पृच्छा चिकित्सक वाचक करतीलच. समुद्रतळाच्या चिखलानें, हें तिचें उत्तर.

सन १९८७ मध्यें अंटार्क्टिकाजवळच्या वेडेल समुद्रांत 'जॉइडीस रेझोल्यूशन' नामक जहाजानें तळास छिद्र पाडून गाळाचे लांब दंडगोल वर काढिले. त्यांत फोरॅमिनिफेरा या सूक्ष्म जीवांचीं चुनखडीचीं कवचें होतीं. केनेट व स्टॉट या शास्त्रज्ञद्वयानें तीं तपासून १९९१ सालीं आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला.

प्राणवायूचे किंवा कर्बाचे सर्व परमाणु सारख्या वजनाचे नसतात. कांहीं हलके, कांहीं जड. त्यांस 'समस्थानिक' म्हणतात. शब्द मोठा सार्थ आहे. आम्हां शिक्षकांच्या भाषेंत, एकाच बाकावर बसणारे, पण वजनानें भिन्न असे ते विद्यार्थी! पाणी जितकें ऊन, तितका कवचांत जड प्राणवायु कमी. हा झाला तापमापक. कर्बाची साक्ष निराळी. वनस्पति हलका कर्ब अधिक घेतात, म्हणून जीवजन्य द्रव्यांत तोच अधिक असतो. ज्या थरांत पाणी तापल्याची खूण, नेमक्या त्याच थरांतील कवचांत हलका कर्बहि एकदम वाढलेला आढळला. अर्थात् अशा कर्बाचा प्रचंड लोंढा तेव्हां हवेंत व समुद्रांत शिरला होता. तो समुद्रतळाशीं गोठलेल्या मिथेनचा, कीं उत्तर अटलांटिकमधील तप्त शिलारसानें भाजलेल्या गाळाचा, याविषयीं एकमत नाहीं. नॉर्वेच्या किनाऱ्यापलीकडे समुद्रतळाखालीं अशा वायूंनीं पाडलेलीं शेंकडों विवरें सांपडलीं असल्यामुळें दुसरा पक्ष आम्हांस अधिक बळकट वाटतो.

परंतु सर्वांत बोलका पुरावा रंगाचा. दक्षिण अटलांटिकमधील वॉल्व्हिस या बुडालेल्या पर्वतरांगेवर २००३ सालीं काढलेल्या दंडगोलांत फिकट चुनखडीचा गाळ एकदम संपतो आणि तांबूस चिकणमाती लागते. शहाबादी फरशीवर लिंबाचा रस सांडला कीं डाग पडतो, हें आमच्या भगिनींस सांगावयास नको. आम्लापुढें चुना टिकत नाहीं. कर्बवायु मुरून समुद्राचें पाणी आम्लतेकडे झुकलें, कवचें विरघळलीं, आणि उरली ती माती. खोल तळावरील फोरॅमिनिफेरांच्या तीस ते पन्नास टक्के जाती नामशेष झाल्या. मातीवर पुढें पुन्हां फिकट गाळ बसूं लागला खरा. पण समुद्र पूर्वस्थितीस येण्यास लाखाहून अधिक वर्षें लागलीं.

आणि तो लोंढा तर आजच्या मानानें मंदच होता. गाळावरून केलेल्या एका गणितानें त्या वेळीं वर्षास सुमारें १०० कोटी टन कर्ब बाहेर पडत असे. आज दगडी कोळसा, खनिज तेल व वायु यांच्या ज्वलनानें वर्षास सुमारें १,००० कोटी टन बाहेर पडतो. इतक्या वेगाचें दुसरें उदाहरण गेल्या ६ कोटी ६० लक्ष वर्षांच्या गाळांत अद्याप आढळलेलें नाहीं.