घाटमाथ्यावरचे गाव आणि पॉट मार्केटातील भट्टी

सासूबाईंच्या दोन मोडक्या पाटल्या आटवून घ्याव्यात म्हणून गेल्या दिवाळीपूर्वी मी सिकंदराबादच्या पॉट मार्केटमध्ये गेले होते. ओळखीच्या सराफाने पाटल्या पाहिल्या आणि शेजारच्या बोळातील एका गाळ्याकडे बोट दाखविले. जेमतेम दोन माणसे बसतील एवढीच ती जागा. भट्टीपाशी बसलेल्या गृहस्थांनी मला हिंदीत बसावयास सांगितले. मीही आपल्या हैदराबादी हिंदीतच मजुरी विचारली. तेवढ्यात त्यांनी मागच्या पोराला हाक दिली, "आरं, सवागी टाक की मुशीत!"

टाकणखाराला सवागी म्हणणारे माणूस माझ्या आजीनंतर मला प्रथमच भेटत होते. मी मराठीत विचारले, "आपण कुठले?" ते क्षणभर माझ्याकडे पाहतच राहिले. मग म्हणाले, "खानापूरचं, ताई. सांगली जिल्हा. विटा म्हटलं की कळंल तुम्हाला."

खरे सांगायचे तर मला कळले नाही. आपण हैदराबादचे जुने मराठी लोक. १९०७ साली निघालेल्या विवेकवर्धिनीचा अभिमान बाळगतो, गणेशोत्सवात व्याख्याने ठेवतो. आणि सराफ कट्ट्याच्या बोळात आपल्याच भाषेची जी माणसे पिढ्यान्‌पिढ्या बसली आहेत, त्यांच्याशी हिंदीत बोलतो. त्या दिवशी मला याची लाज वाटली. नंतर मी त्या गाळ्यात तीन-चार वेळा गेले, आणि पुढे त्यांच्या कुटुंबाबरोबर यात्रेला त्यांच्या गावीही जाऊन आले.

या मंडळींच्या धंद्याला गलाई म्हणतात. सोने-चांदी वितळविणे, त्यातील हिणकस वेगळे काढणे आणि शुद्ध धातूची लगड मालकाच्या हाती देणे, हे त्यांचे काम. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी, तासगाव आणि लगतच्या सातारा जिल्ह्यातील खटाव, माण या तालुक्यांतून निघालेली ही माणसे देशातील बहुतेक सराफ बाजारांत आढळतात. मजा अशी की, ही मूळची सोनार नव्हेत. बहुतेक शेतकरी घराण्यांतील. सोन्याचा दागिना ज्यांच्या घरी क्वचितच घडला असेल, त्यांच्या मुलांनी परमुलखात सोन्याचे शुद्धीकरण आपलेसे केले.

आणि ते काम सोपे नाही. सोने वितळावयास १०६४ अंश सेल्सियस उष्णता लागते, पण केवळ वितळवून त्यातले तांबे आणि चांदी निघत नाही. मला आश्चर्य वाटले ते याचे, की सोने शुद्ध करावयाचे तर त्यात आधी आणखी चांदी घालावी लागते! एक भाग सोने आणि सुमारे तीन भाग चांदी असा रस करून त्याचे बारीक दाणे पाडतात व ते नायट्रिक ॲसिडात, म्हणजे बाजाराच्या भाषेत तेजाबात, उकळतात. चांदी कमी पडली तर तेजाब आतपर्यंत शिरतच नाही. चांदी आणि तांबे विरघळून जातात आणि तळाशी तपकिरी मातीसारखा गाळ उरतो. तेच सोने! ते धुऊन पुन्हा मुशीत घातले की पिवळे होऊन बाहेर येते. उरलेल्या निळसर-हिरव्या पाण्यात तांब्याचे पत्रे सोडले की विरघळलेली चांदी परत खाली बसते. काहीही वाया जात नाही. दुकानातील केरदेखील झाडून ठेवला जातो, कारण त्यात सोन्याचे कण असतात.

वाया जाते ते माणसाचे फुप्फुस. तेजाबातून निघणारा तांबूस धूर अरुंद बोळात कोंडतो. पूर्वी झाळकामात कॅडमियम वापरीत. तसे दागिने आटविताना त्याची विषारी वाफ निघते. ते गृहस्थ बोलता बोलता खोकत होते. मी विचारले तेव्हा त्यांनी हसून विषय बदलला.

एवढे सोसून ही माणसे घराबाहेर का पडली, हे घाटमाथा पाहिल्यावाचून समजत नाही. विट्याहून खानापूरच्या रस्त्याने वर चढले की रेणावीचे रेवणसिद्धाचे देवस्थान लागते. पुढे माळ, ताली, बाभळी आणि पुन्हा माळ. सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस येथे पोचेपर्यंत दमून जातो. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' ज्यांनी वाचली आहे, त्यांना शेजारच्या माणदेशाचे हे रूप ठाऊक असेलच. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेल्या बायका अजून गावात आहेत. घरातला एक मुलगा शेतीला ठेवायचा आणि दुसरा मामाच्या किंवा चुलत्याच्या भट्टीवर धाडायचा, अशी रीतच पडून गेली. पोरगा आधी केर झाडी, मग मुशी धुई, मग भट्टी सांभाळी. चार-सहा वर्षांनी त्याला दुसऱ्या एखाद्या शहरात गाळा पाहून दिला जाई.

आल्बेनियाच्या डोंगरी खेड्यांतही पुरुषांनी पोटासाठी दूरदेशी जाण्याची अशीच जुनी चाल आहे. त्याला ते लोक 'कुर्बेत' म्हणतात. हा शब्द मूळ अरबी, तुर्कांबरोबर तिकडे गेलेला. आपल्या हैदराबादेत उर्दू बोलणारे शेजारी 'गुरबत' म्हणतात तो हाच. उर्दूत मात्र त्याला दोन अर्थ आहेत, परदेशवास आणि गरिबी. घाटमाथ्यावर हे दोन्ही अर्थ एकाच घरात नांदले.

धंद्यानेही पुष्कळ हेलकावे खाल्ले. १९६३ साली सुवर्णनियंत्रण आले, १९६८ साली त्याचा कायदा झाला आणि १९९० साली तो रद्द झाला, तोवर सोन्याच्या प्रत्येक गुंजेमागे कागद आणि भीती होती. २०२० च्या टाळेबंदीत भट्ट्या विझल्या तेव्हा पुष्कळांना गावच आठवले. २०२१ पासून हॉलमार्क सक्तीचा होऊ लागला. पूर्वी जाणकाराच्या डोळ्याला आणि कसोटीच्या दगडाला मान होता. आज यंत्र दोन मिनिटांत टंच सांगते आणि ते यंत्र लाखोंच्या घरात जाते.

यात्रेला मी गेले तेव्हा गावात गाड्या मावत नव्हत्या. पाट्यांवर तमिळनाडू, केरळ, बंगाल, दिल्ली! पोरे आपापसांत कोणी तमिळ, कोणी तेलुगू बोलत होती आणि पालखी उठताच एका सुरात चांगभलं म्हणत होती. देवळाचा सभामंडप आणि शाळेच्या खोल्या यांवर परगावच्या गलाई बांधवांच्या देणग्यांच्या फरशा आहेत. तिसऱ्या दिवशी मात्र दुमजली घरांना एकामागून एक कुलपे लागली. आमच्या शेजारच्या ओसरीवर एक म्हातारी दहा घरांच्या किल्ल्या सांभाळून होती.

एक गोष्ट मात्र बदलली आहे. कराडजवळच्या टेंभू गावापाशी, म्हणजे आगरकरांच्या जन्मगावी, कृष्णेचे पाणी अडवून ते टप्प्याटप्प्याने वर चढविण्याची योजना १९९० नंतरच्या दशकात हाती घेतली गेली. ते पाणी या कोरड्या तालुक्यांत पोचावयास फार वर्षे लागली. आमदार अनिल बाबर यांनी त्यासाठी सारी हयात घातली, २०२४ च्या जानेवारीत ते वारले. आज घाटमाथ्यावर द्राक्षांचे मांडव दिसतात. ज्या पाण्यावाचून तीन-चार पिढ्या बाहेर गेल्या, ते पाणी आले आहे. आणि मांडवाखाली काम करावयास माणसे बाहेरून आणावी लागत आहेत.

परतल्यावर पाटल्यांची लगड घेण्यासाठी पुन्हा त्या गाळ्यात गेले. गृहस्थांच्या पुढ्यात एक कागद होता. एका बाजूला टंच काढण्याच्या यंत्राची किंमत, दुसऱ्या बाजूला गावाकडच्या धाकट्या भावाने फोनवर सांगितलेला दोन एकर द्राक्षबागेचा खर्च. दोन्ही होणार नव्हते. थोरला मुलगा येथेच अभियांत्रिकीला आहे. त्याला भट्टीही नको आणि बागही नको.

"मग काय ठरवलंत?" मी विचारले.

त्यांनी लगड तराजूत ठेवली, काटा स्थिर होईपर्यंत वाट पाहिली आणि वजन कागदाच्या कोपऱ्यात लिहून मला दाखविले. म्हणाले, "भाऊ म्हणतो, कलमं लावायची तर पावसाळ्याच्या आत सांग."