आराखडा कोणाचा, बांधणी कोणाची?

सॉफ्टवेअर हा विषय पुण्या-बंगळूरचा; आपल्या कोळशाच्या, बांबूच्या आणि तेंदूपत्त्याच्या मुलुखास त्याचे काय, असे पुष्कळांस वाटते. परंतु आज रेशनच्या दुकानात यंत्रावर अंगठा टेकवावा लागतो, आणि अंगणवाडीच्या सेविकेला बालकाचे वजन वहीत लिहून थांबता येत नाही. ते मोबाईलमध्ये भरावे लागते. सॉफ्टवेअर करणारे दूर असतील, वापरणारे एटापल्लीत, कोरचीत आणि जिवतीत आहेत. तेव्हा ते कसे तयार होते आणि कोठे बिघडते, हे आपणही समजून घेतले पाहिजे.

या धंद्यात मुख्यतः दोन प्रकारचे कारागीर असतात. एक डिझाइनर. पडद्यावर काय दिसावे, कोणता प्रश्न आधी विचारावा, बटण कोठे असावे, हे तो आखतो. दुसरा प्रोग्रॅमर, ज्यास डेव्हलपर असेही म्हणतात. तो त्या आराखड्याप्रमाणे यंत्राला कळेल अशा भाषेत आज्ञा लिहितो. ऐकताना वाटते, हे नकाशा काढणारा इंजिनियर आणि गवंडी यांच्यासारखेच झाले. ही उपमा फसवी आहे. घराचा नकाशा स्थिर असतो आणि घरही स्थिर असते. सॉफ्टवेअर चालते. डिझाइनर पडद्याची दहा चित्रे काढतो, आणि दहाही चित्रांत सारे कसे सुरळीत असते: नाव आखूड, रेंज भरपूर, बॅटरी भरलेली. अर्धी माहिती भरून झाल्यावर रेंज गेली तर? एका गावात एकाच नावाच्या दोन मुली असल्या तर? जन्मतारीख आईलाच ठाऊक नसली तर? ही चित्रे कोणी काढलेलीच नसतात. मुदत उद्यावर आलेली असते, आणि रात्री अकरा वाजता प्रोग्रॅमर आपल्या मनाने काहीतरी ठरवून मोकळा होतो. म्हणजे आराखड्याचा सर्वांत नाजूक भाग शेवटी तो आखतो, ज्याला आखण्याचे काम दिलेले नाही आणि ज्याने वापरणारीचे तोंडही पाहिलेले नाही. पुढे डिझाइनर म्हणतो, मी काढले ते हे नव्हे. प्रोग्रॅमर म्हणतो, तुम्ही काढले ते होण्यासारखेच नव्हते. दोघेही खरे बोलत असतात.

आपल्या लिपीचेच उदाहरण घेऊ. ‘लक्ष्मी’ या नावात वाचणाऱ्यास दोन अक्षरे दिसतात. यंत्र मात्र ते सात खुणांनी साठविते: ल, क, पाय मोडल्याची खूण, ष, पुन्हा पाय मोडल्याची खूण, म आणि दीर्घ वेलांटी. रोमन लिपीवर हात बसलेल्या डिझाइनरने नावासाठी वीस अक्षरांची जागा आखली, तर प्रोग्रॅमर ‘वीस’चा अर्थ वीस खुणा असा घेईल, आणि बाईचे नाव आडनावापर्यंत पोचण्याआधीच तुटेल. ओळीच्या उंचीचेही तसेच. रोमन अक्षरांच्या मापाने ओळ आखली की वरची मात्रा आणि खालचा उकार छाटला जातो. एकाला दिसणे ठाऊक, दुसऱ्याला साठविणे ठाऊक, आणि दोन्ही गोष्टी एकाच टेबलावर कधी येत नाहीत. वस्तुतः दोघे तासभर शेजारी बसले तर सुटावा असा हा गुंता आहे.

ही फूट संगणकाने आणलेली नाही. अमेरिकेत फ्रेडरिक टेलर याने १९११ साली शास्त्रीय व्यवस्थापनावरील आपले पुस्तक प्रसिद्ध केले. विचार आणि नियोजन करण्याचे काम कारागिराकडून काढून व्यवस्थापनाकडे न्यावे, हे त्याचे तत्त्व. भूमिगत खाणीत काम केलेल्यांस या तत्त्वाची मर्यादा समजावून सांगावी लागत नाही. छताला आधार कोठे आणि किती अंतरावर द्यावे, याचा आराखडा वर कचेरीत तयार होतो, आणि तो हवाच. पण मायनिंग सरदार काठीने छत ठोकून पाहतो. आवाज पोकळ आला, तर नकाशात काहीही असो, तो तेथे माणसे जाऊ देत नाही. नकाशाला कान नसतात. चांगल्या खाणीत तो पोकळ आवाज त्याच दिवशी कचेरीपर्यंत पोचतो आणि आराखडा बदलतो. सॉफ्टवेअरच्या पुष्कळ कामांत अशी वर जाणारी वाटच ठेवलेली नसते. (संगणकापुढे बसणारा तरुण स्वतःस कामगार म्हणवून घेण्यास लाजतो, हेही याचे एक कारण आहे. पण तो विषय वेगळा.)

१९६८ साली मेल्विन कॉनवे या अमेरिकन प्रोग्रॅमरने एक निरीक्षण मांडले. एखाद्या संस्थेतील माणसांचे आपापसांत जसे दळणवळण असते, तशाच घडणीची यंत्रणा त्या संस्थेच्या हातून तयार होते. दोन खाती एकमेकांशी बोलत नसतील, तर त्यांनी केलेल्या यंत्रणेचे दोन भागही बोलणार नाहीत. याचा दाखला महाराष्ट्राने २०२१ मध्ये पाहिला. अंगणवाडी सेविकांना २०१९ मध्ये राज्याकडून मोबाईल मिळाले होते. मार्च २०२१ मध्ये केंद्राने ‘पोषण ट्रॅकर’ हे ॲप आणले. फोनची स्मरणशक्ती अवघी दोन जीबी. ॲप त्यावर अडखळे, फोन तापे. आणि ॲप होते इंग्रजीत, तर सेविकांपैकी अनेकींचे शिक्षण आठवी-दहावीपर्यंतचे. अखेर ऑगस्ट २०२१ मध्ये संघटनांच्या हाकेवरून राज्यभर सेविकांनी फोन परत करण्यास सुरुवात केली. नंतर ॲपमध्ये मराठीसह अनेक भाषा आल्या. भाषा घालता येत होती, हे त्यावरून सिद्धच झाले. प्रश्न एवढाच, की त्यासाठी बायांना मोर्चे का काढावे लागले?

या बाबतीत युरोपच्या उत्तरेकडील कामगार संघटनांनी केलेले काम आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. नॉर्वेत क्रिस्टन न्यूगोर हा मोठा संगणकशास्त्रज्ञ होऊन गेला. ओले-योहान दाल याच्यासह त्याने ‘सिम्युला’ ही प्रोग्रॅमिंगची भाषा घडविली, आणि त्यासाठी दोघांस २००१ चे ट्युरिंग पारितोषिक मिळाले. हाच न्यूगोर १९७० च्या दशकाच्या आरंभी तेथील लोखंड व धातुकामगारांच्या संघटनेबरोबर काम करीत होता. तज्ज्ञांनी जाडजूड अहवाल लिहावा, ही कल्पना त्याने सोडली. कारखान्यात येणाऱ्या संगणकाबद्दल कामगारांनी स्वतः अभ्यास करून जी पावले उचलली, तोच या कामाचा निष्कर्ष मानावा, असे त्याने ठरविले. १९७५ साली तेथे मालक आणि कामगार यांच्या मध्यवर्ती संघटनांत करार झाला, आणि नव्या यंत्रणेची माहिती आधी मिळण्याचा हक्क कामगारांस लाभला.

त्यापुढील पायरी ‘युटोपिया’ या प्रकल्पाची. १९८१ मध्ये उत्तर युरोपातील छापखाना-कामगारांची संघटना आणि स्वीडन-डेन्मार्कमधील संशोधक यांनी वर्तमानपत्राची पाने लावण्याचे सॉफ्टवेअर मिळून आखावयास घेतले. संशोधकांनी प्रथम आपल्या शास्त्रातील आकृत्या काढून दाखविल्या. कामगारांना त्यांतून काही बोध होईना. मग त्यांनी लाकडी फळ्या आणि पुठ्ठे आणले. पुठ्ठ्याचा पडदा, कागदाची चित्रे, आणि छपाईयंत्र म्हणून नुसते रिकामे खोके! पाने लावणारा कामगार त्या खोट्या यंत्रापुढे बसून खरे काम करू लागला, आणि ‘येथे हात पोचत नाही’, ‘हे आधी दिसले पाहिजे’ असे सांगू लागला. आखणारा तेथेच होता, बांधणाराही तेथेच. पुठ्ठा कापावयास दोन मिनिटे लागतात. त्या प्रकल्पातून निघालेले यंत्र जगभर गेले नाही, पद्धत मात्र गेली.

आमच्या मते दोन कारागिरांमधील पूल असाच बांधता येतो. दोघांना परस्परांशी गोड बोलण्याचा उपदेश करून तो होत नाही. दोघांसमोर एकच काम आणि ते काम करणारे एकच माणूस बसवावे लागते. त्या माणसाने अडखळून दाखविले, की भांडण आपोआप विषयावर येते. ‘एवढा वेळ कोठे आहे?’ हा आक्षेप आम्ही नेहमी ऐकतो. हिशेब करून पाहावा. पुठ्ठ्यावरील चूक मिटविण्यास दोन मिनिटे; तीच एक लाख फोनांत गेल्यावर काय लागते, ते २०२१ ने दाखविले आहे.

म्हणून संघटनांनी केवळ फोन चांगला द्या, मानधन वाढवा एवढ्यावर न थांबता आणखी एक मागणी करावी. कोणतेही नवे ॲप येण्यापूर्वी त्याचे कागदी पडदे पर्यवेक्षिकेच्या मासिक बैठकीत मांडले जावेत, आणि त्या दिवशी डिझाइनर व प्रोग्रॅमर दोघेही हजर असावेत; एकाने दुसऱ्यास निरोप पाठविलेला चालणार नाही. बैठक जिल्ह्याच्या ठिकाणी, पंख्याखाली घेऊ नये. मे महिन्यात, ४५ अंशांच्या उन्हात, अंगणवाडीच्या ओट्यावर तो पडदा वाचता येतो की नाही, ते तेथेच कळेल. घरी माडिया बोलणाऱ्या आईला प्रश्न मराठीत विचारला, तर सेविकेला तो तोंडी कसा फिरवावा लागतो, हेही त्यांनी कानांनी ऐकावे. आणि एक प्रश्न त्यांच्यापुढे पहिल्याच दिवशी ठेवावा. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. त्या चार दिवसांत सेविकेने रेंज नसताना भरलेल्या नोंदी पुढे ज्या दिवशी वर जातील, त्यांवर तारीख कोणती पडेल: तिने बालकाला तराजूत बसविले त्या दिवसाची, की रेंज आली त्या दिवसाची?