माहेरची मालकीण, सासरची राखणदार

सोयरीक जमली की दागिन्यांची यादी होते. ते दागिने कायद्याने कोणाचे, हे मात्र कोणी विचारीत नाही. ते त्या मुलीचे, तिचे स्त्रीधन. नवऱ्याच्या कपाटात असले तरी तो केवळ सांभाळणारा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली सांगितले.

दागिन्यांचे ठीक, पण जमिनीचे काय? पैठणहून काशीस गेलेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठ भट्टांनी सतराव्या शतकात ‘व्यवहारमयूख’ लिहिला. इंग्रजी अमदानीतील न्यायालयांनी गुजरात, मुंबई बेट व उत्तर कोकणात हाच ग्रंथ प्रमुख मानला. म्हणजे आपले ठाणे-कल्याण त्यात आलेच. मयूखाने बहिणीलाही वारसांत वरचे स्थान दिले. शिवाय मुंबई इलाख्यात बापाची जमीन वारशाने लेकीकडे आली, तर ती तिच्या पूर्ण मालकीची होई. बंगाल-मद्रासकडे ती हयातीपुरतीच असे.

पण हीच लेक सासरी विधवा झाली, तर नवऱ्याची जमीन तिला हयातीपुरती! खरी नड दाखविल्याशिवाय विकता येत नसे, आणि तिच्यामागे ती नवऱ्याच्या वारसांकडे जाई. बाई एकच, पहा. माहेरच्या शेताची मालकीण, सासरच्या शेताची राखणदार. डॉ. गो. वि. देशमुख यांच्या प्रयत्नाने झालेल्या १९३७ च्या कायद्याने विधवेला मुलाइतका वाटा दिला, तोही हयातीपुरताच. १७ जून १९५६ पासून हिंदू वारसा कायद्याच्या १४ व्या कलमाने हा मर्यादित हक्क बहुतेक ठिकाणी पूर्ण मालकीचा केला.

लग्नाची आडकाठी तरी राहिलीच. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलासारखा जन्मसिद्ध हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. एकाच घरात थोरली बाहेर, धाकटी आत! ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने हा भेद गेला. त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, हेही २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेली वाटणी मोडत नाही. अनुसूचित जमातींना हा कायदा आपोआप लागू होत नाही. शहापूर-मुरबाडकडच्या ठाकर, कातकरी, वारली भगिनींनी आधी जाणत्या वकिलाला विचारावे.

कल्याण-डोंबिवलीभोवतीच्या भातखाचरांवर इमारती उठल्या. जमिनीला भाव आला की भावांना बहिणी आठवतात, त्या हक्कसोडपत्रावरील सहीसाठी. नोंदलेल्या हक्कसोडपत्रावर सही झाली, की तो वाटा गेला असेच समजावे. म्हणून आधी सातबारा व फेरफार मागून घ्यावा, आणि कागद कोणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्यावा. गुरुजींनी आपल्या गावचा एक उतारा वर्गात नेऊन मुलींकडून वाचून घेतला, तर तो वाचणारी घरातच तयार होईल.