ताप चढण्याआधी

या, बसा इथे. आज दोन भावांची गोष्ट सांगतो. दोघंही करोना विषाणूंच्या कुळातले आणि दोघंही इतके बारीक, की एक मिलिमीटरच्या रेघेवर खेटून उभे केले तर दहा हजार मावतील. अंगावर काटे, आत आरएनएचा एकच धागा, आणि त्या धाग्यावर साधारण ३० हजार अक्षरांत लिहिलेला सगळा संसार. खाणं नाही, पिणं नाही, श्वास नाही. दुसऱ्याच्या पेशीत शिरल्याशिवाय एकाचे दोन होण्याचीसुद्धा ताकद नाही.

शिरायचं कसं? आपल्या पेशींच्या अंगावर एसीई-२ नावाचं एक प्रथिन असतं. रक्तदाब सांभाळण्याच्या कामी ते येतं. काट्याचं टोक नेमकं त्यालाच चिकटतं. दोन्ही भावांना ही युक्ती ठाऊक होती.

थोरला २००२च्या अखेरीस चीनच्या ग्वांगडाँग प्रांतात माणसांत आला. त्याच्या आजाराला नाव पडलं सार्स. पुढच्या फेब्रुवारीत व्हिएतनाममध्ये, हनोईच्या एका रुग्णालयात, तापानं फणफणलेला एक व्यापारी दाखल झाला, आणि त्याची सेवा करणारे एकेक करून आजारी पडू लागले. जागतिक आरोग्य संघटनेचे इटालियन डॉक्टर कार्लो उर्बानी तिथे रोज जाऊ लागले. हा नेहमीचा फ्लू नव्हे हे त्यांनी ओळखलं, रुग्णांना वेगळं ठेवायला लावलं, जगाला सावध केलं. त्याच आजारानं २९ मार्च २००३ला ते गेले. वय अवघं ४६. हे नाव विसरू नका रे. महिनाभरानं, २८ एप्रिलला, व्हिएतनाम सार्समधून मोकळा झाला, सगळ्या देशांत पहिला. जुलैपर्यंत जगभरातली साखळी तुटली. आठ हजारांवर माणसांना लागण झाली होती आणि ७७४ दगावली होती.

तेव्हा लस नव्हती, नेमकं औषधही नव्हतं. तरी हा भाऊ आवरला, कारण तो वाढायचा फुप्फुसात खोल. आधी ताप यायचा, धाप लागायची, आणि विषाणूची खरी भरती यायची दुखण्याच्या दुसऱ्या आठवड्यात. दुसऱ्याला देण्याइतका साठा होईतो माणूस अंथरुणाला खिळलेला असायचा. तापकऱ्याला शोधा, वेगळा ठेवा, की विषाणूची पुढची वाट बंद.

धाकटा २०१९च्या अखेरीस वुहानमध्ये दिसला. तोही फुप्फुसापर्यंत जायचा आणि तिथे गेला की जिवावर उठायचा. पण पहिला मुक्काम नाकात आणि घशात. त्याच्या काट्यात एक जास्तीची सोय होती. आपल्याच शरीरातलं फ्युरिन नावाचं विकर तो काटा ठरावीक जागी आधीच कापून ठेवतं, त्यामुळे श्वासमार्गाच्या पेशींत त्याला चटकन शिरता येतं. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला सरासरी पाचएक दिवस लागायचे, आणि लक्षणं दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीच माणूस दुसऱ्याला विषाणू द्यायला लागलेला असायचा. बोलताना, गाताना, हसताना.

‘पण आजोबा, नाकात एवढे विषाणू असून ताप का नाही यायचा?’ छान विचारलंस. आता यातली नवलाची गोष्ट ऐका. ताप विषाणू चढवत नाही, आपलं शरीर चढवतं. पेशीला आत परका आरएनए सापडला की ती इंटरफेरॉन नावाचं प्रथिन सोडते. शेजारच्या पेशी सावध होतात, रक्तातले रक्षक धावत येतात, त्यांच्या रसायनांचा निरोप मेंदूला पोचतो आणि मेंदू अंग तापवतो. धाकटा हा पहिला निरोपच दाबून ठेवतो. आपल्या धाग्याच्या नकला तो पेशीतल्या दुहेरी पडद्याच्या फुग्यांत लपून करतो, आणि त्याचं एक प्रथिन पेशीचं स्वतःचं प्रथिनं बनवण्याचं कामच रोखून धरतं. थोरल्यालाही ही विद्या येत होतीच, पण धाकट्यानं ती नाकाच्या उंबऱ्यावर वापरली. शरीराला पत्ता लागेपर्यंत त्यानं दुसरं घर गाठलेलं असायचं.

म्हणून विमानतळांवर कपाळाशी धरलेल्या थर्मल गन त्याला अडवू शकल्या नाहीत. ३० जानेवारी २०२०ला केरळमध्ये देशातला पहिला रुग्ण सापडला, ९ मार्चला पुण्यात महाराष्ट्रातले पहिले.

आता थोडं गणित. पाटी घ्या. सुरुवातीच्या त्या विषाणूचा एक रुग्ण सरासरी अडीच जणांना लागण द्यायचा असं धरा. एका फेरीला पाच दिवस. दहा फेऱ्यांत, म्हणजे ५० दिवसांत, दहाव्या फेरीत नवे रुग्ण किती? अडीचला अडीचनं गुणत जा. साडेनऊ हजार! आता मास्क आणि अंतर पाळून तो अडीचचा सव्वा केला, तर? फक्त नऊ. निम्म्यानं कमी केलं आणि हजारपट फरक पडला. मी हे गणित पहिल्यांदा केलं तेव्हा दोनदा तपासलं होतं. धडधाकट माणसांनीही मास्क का लावायचा, हे तुमची आजी विचारायची ना? कोण धडधाकट आहे हे त्या धडधाकटालाही कळत नव्हतं, म्हणून.

आणि त्या दिवसांत लोकांनी काय केलं? अमक्यानं आजार आणला, तमकीनं इमारत बाटवली म्हणत शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांना दारं बंद केली. मला ते आजही सलतं. ज्याला दोष दिला, त्यानं लागण दिली त्या दिवशी त्याला कित्येकदा साधी कणकणही नसायची.

१ एप्रिल २०२०ला मुंबईच्या धारावीत पहिला रुग्ण सापडला. अडीच चौरस किलोमीटरच्या आत लाखोंची वस्ती, एकेका खोलीत आठ-आठ माणसं, सार्वजनिक शौचालयं. घरात वेगळं राहायचं कुठे? तेव्हा महापालिकेनं रुग्ण दवाखान्यात येण्याची वाट पाहिली नाही. डॉक्टर आणि आरोग्यसेविका गल्लीबोळांत दारोदार गेल्या, ताप मोजला, बोटाला ऑक्सिमीटर लावला. रुग्णाच्या संपर्कातल्या माणसांना शाळांत आणि सभागृहांत ठेवलं, जेवण तिथेच दिलं. संशय आला की निकालाआधीच वेगळं. रुग्णांचा आकडा उतरू लागला, जगानं वाखाणणी केली.

तरी शहरात धाकटा किती घरं फिरून गेला होता, ते दिसलं रक्तात. शरीरानं विषाणूशी सामना केला की प्रतिपिंडं मागे राहतात. जुलै २०२०मध्ये मुंबईच्या तीन वॉर्डांत, माटुंगा, चेंबूर आणि दहिसर भागांत, लोकांचं रक्त तपासलं. इमारतींत १००पैकी १६ जणांना लागण होऊन गेलेली. झोपडपट्ट्यांत १००पैकी ५७. त्यांतल्या बहुतेकांचं नाव तोवर रुग्णांच्या कुठल्याही यादीत चढलेलं नव्हतं.