गुप्तता कोणाची? तक्रारदाराची की संस्थेची?

सातारा-सांगलीतील बहुसंख्य महाविद्यालये शिवाजी विद्यापीठाच्या छत्राखाली आहेत. साताऱ्यात २०२१ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठही स्थापन झाले. या भागातील महाविद्यालयांत आपले बौद्ध, बहुजन प्राध्यापक शिकवतात. त्यांच्यावर अन्याय झाला, तर त्यांनी तो विश्वासाने कोणाच्या कानावर घालायचा?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांनी विद्यार्थ्यांना लोकपाल दिला. प्राध्यापकांना तो नाही. त्यांच्यासाठी २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात तक्रार निवारण समिती आणि न्यायाधिकरण आहे. म्हणजे थेट लेखी लढाई! त्याआधी मन मोकळे करावे, तटस्थ माणसाने मध्यस्थी करावी, अशी सोय अनेक परदेशी विद्यापीठांत असते. तिथला मध्यस्थ तक्रारदाराची ओळख कुलगुरूंनाही सांगत नाही. अपवाद मुख्यतः एकच, कोणाच्या जिवाला धोका असेल तर.

आपल्याकडे मात्र सकाळी दिलेला अर्ज दुपारी स्टाफरूममध्ये पोहोचतो आणि संध्याकाळी 'कशाला वाढवता?' असा निरोप घरी येतो. विभागात आपला माणूस बहुधा एकटाच असतो. जातीवरून झालेल्या अपमानाची तक्रार आली की नाव खोडूनही तो ओळखू येतो. पुढे पदोन्नतीची फाईल अडते. गंमत पाहा, त्याच्यावर प्राचार्य लिहितात तो अहवाल 'गोपनीय', पण त्याने केलेली तक्रार गावभर!

कायद्याला हा प्रश्न नवा नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याचे कलम १६ तक्रारदार, आरोपी व साक्षीदारांची ओळख, समेट आणि चौकशी यांची माहिती प्रसिद्ध करण्यास मनाई करते. मात्र ओळख उघड न करता, मिळालेला न्याय सांगण्याची मुभा देते. झाकायचे ते माणसाचे नाव, संस्थेचे पाप नव्हे, हा त्याचा अर्थ.

प्रस्थापित नेमके उलट करतात. पीडिताचे नाव फुटते आणि निकाल मात्र 'संस्थेची बदनामी नको' म्हणून कपाटात जातो. म्हणून एक गोष्ट ठणकावून सांगितली पाहिजे. ॲट्रॉसिटी कायद्याखालील गुन्हा हा बंद दाराआड मिटवण्याचा विषय नाही. तिथे मध्यस्थी नको, गुन्हा नोंदवा. पीडित व साक्षीदारांच्या संरक्षणासाठी २०१५ च्या दुरुस्तीने त्याच कायद्यात कलम १५-अ आले आहे, त्याचा आधार घ्या.

उरलेल्या तंट्यांसाठी, म्हणजे तासिका, रजा, मार्गदर्शक म्हणून मान्यता, विभागातील वागणूक यांसाठी, विद्यापीठाने मध्यस्थी कक्ष काढावा. मात्र मध्यस्थ प्राचार्य वा संस्थाचालकांच्या हाताखालचा नसावा. कागद आवक-जावक नोंदवहीत जाऊ नये. तक्रारदाराच्या संमतीशिवाय शब्दही बाहेर पडू नये आणि फोडणाऱ्यावर शिस्तभंगाची कारवाई व्हावी. वर्षाअखेरीस किती तक्रारी आल्या व किती सुटल्या, हे महाविद्यालयवार नव्हे तर विद्यापीठपातळीवर जाहीर करावे. म्हणजे एकटा माणूस आकड्यांतूनही ओळखू येणार नाही.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत भीमरावांचे नाव नोंदले गेले. त्या नावाने आपल्याला शाळेचे दार उघडले. आज त्याच साताऱ्यात आपल्या प्राध्यापकाला अर्जावर स्वतःचे नाव लिहिताना हात आखडावा लागत असेल, तर लढाई संपलेली नाही. प्राध्यापक संघटनांनी आणि चळवळीने ही मागणी विद्यापीठाच्या अधिसभेत रेटली पाहिजे.